अंगणातून गेलेली रेघ

सायरन आधी जवळ आला आणि मग लांब जाऊ लागला. गोडदेवच्या गल्लीच्या तोंडाशी, आपल्या इमारतीखाली उभी असलेली पंचशीला डोंगरदिवे तो ऐकत राहिली. वळणामुळे तसं वाटत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पण आवाज खरंच पुढच्या चौकाकडे गेला आणि तिथेच कुठेतरी बंद पडला.

वर दुसऱ्या मजल्यावर तिची आई वैजयंता स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवी होती. भाकरी थापता थापता तिचा उजवा हात परातीतच राहिला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शेजारच्या हंसाबेन तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

पंचशीलाने पुन्हा फोन लावला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, मी गणेश कृपाच्या खालीच उभा आहे. तुम्ही कुठे आहात?"

तीही गणेश कृपाच्या खालीच उभी होती.

त्या भागात गणेश कृपा नावाच्या तीन इमारती होत्या. अँब्युलन्स आधी एकीकडे गेली, मग दुसरीकडे. तिसऱ्या गणेश कृपापाशी, म्हणजे पंचशीलाच्या दारात ती आली तेव्हा अर्धा तास गेलेला होता. वैजयंता वाचली. पण उजव्या हातातली ताकद गेली आणि शब्द जिभेवर अडखळायला लागले. डॉक्टर चांगले होते. ते एवढंच म्हणाले, की अशा दुखण्यात थोडं आधी आणलेलं केव्हाही बरं.

हे वाक्य पंचशीलाच्या डोक्यातून जाईना. तिचं काम नेमकं पत्त्यांचंच होतं. अंधेरीतल्या एका कंपनीत ती पार्सल पोचवण्यासाठी नकाशे बनवायची. कुठल्या गल्लीत टेम्पो शिरतो, कुठे शिरत नाही, कुठल्या सोसायटीचं मागचं गेट दुपारी बंद असतं, हे सगळं तिच्या कॉम्प्युटरवर असायचं. लोकांचे कुर्ते आणि चपला वेळेवर पोचायच्या, आणि तिच्या आईला न्यायला आलेली गाडी तिच्याच गल्लीवरून पुढे निघून गेली होती.

आई घरी आली, थोडी सावरली, तेव्हा पंचशीला अँब्युलन्स चालवणाऱ्या संस्थेच्या ऑफिसात गेली. भांडायच्या तयारीनेच गेली. तिथे त्या दिवशीचाच ड्रायव्हर भेटला. रोशन त्याचं नाव, मूळचा उत्तनचा, वय चाळिशीच्या आसपास. पत्ता ऐकल्याबरोबर त्याने तिला ओळखलं आणि आधी आई कशी आहे ते विचारलं. मग खिशातून फोन काढून नकाशा उघडला आणि तिच्यापुढे धरला. त्यात गणेश कृपा शोधलं की दोनच ठिपके उमटत होते, आणि तिचं घर त्यातल्या एकाही ठिपक्याखाली नव्हतं.

"चुकलं माझं," रोशन म्हणाला. "पण उद्या दुसऱ्या कोणाचं पण हेच होणार आहे, ताई. काय करू सांगा."

पंचशीलाचं भांडण तिथेच विरलं. तिने विचारलं, गाडीच्या फेऱ्यांची काही नोंद असते का. असायची. गाडीत बसवलेल्या यंत्रामुळे गाडी कधी निघाली, कुठून गेली, कुठे थांबली, कधी पोचली, हे सगळं आपोआप साठत होतं. कुणी ते कधी उघडून बघितलं नव्हतं. संस्थेने परवानगी दिली. पेशंटची नावं काढून टाकलेली ती माहिती घेऊन पंचशीला घरी आली आणि तिने ती गोडदेव, खारी आणि इंद्रलोकच्या नकाशावर पसरली. जिथे गाडी घुटमळली होती तिथे लाल ठिपके उमटले. काही गल्ल्या नुसत्या लालभडक झाल्या.

त्यानंतरचे काही महिने तिने नोकरीतून उरलेला सगळा वेळ या नकाशाला दिला. आईला ती समजावून सांगायची, की हे पारदर्शक कागद एकावर एक ठेवल्यासारखं आहे. तळाला उपग्रहातून काढलेला फोटो. त्यावर कुणालाही वापरता येईल असा खुला रस्त्यांचा नकाशा. त्यावर महापालिकेच्या मालमत्ता कराच्या यादीतल्या इमारती, त्यावर अँब्युलन्सच्या फेऱ्या, मग खोदलेल्या रस्त्यांच्या सूचना, मग संध्याकाळच्या हातगाड्या. हवा तो थर उचलायचा, नको तो बाजूला सारायचा.

अडचण एवढीच, की कुठल्याही दोन थरांचं एकमेकांशी जुळत नव्हतं. यादीत एक नाव, इमारतीच्या पाटीवर दुसरं आणि लोकांच्या तोंडात तिसरंच. पाटीवर ज्या इमारतीला 'श्री समृद्धी' म्हटलं होतं तिला अख्खा गोडदेव 'पोळीभाजीवालीची बिल्डिंग' म्हणत होता. पंचशीलाने तिन्ही नावं ठेवली. घाबरलेला माणूस फोनवर कुठलं नाव सांगेल ते कसं कळणार?

इंद्रलोकमधली तिची कॉलेजची मैत्रीण संपदा तिच्या सोसायटीची सेक्रेटरी होती. तिने ओळखीच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर विचारत विचारत बरीच माहिती मिळवून दिली. कुठलं गेट कायम उघडं असतं, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं की पेशंटला खुर्चीत बसवून आणावं लागतं. सगळ्यांनीच दिली असं नाही. एका सोसायटीचे चेअरमन म्हणाले की ही सगळी माहिती चोरांच्या हाती लागली तर? संपदा त्यांच्यावर चिडली. पंचशीलाने ती गोष्ट ऐकली आणि हसून सोडून दिली.

वैजयंताचा या कामात वेगळाच उपयोग झाला. फिजिओथेरपीवाल्या मुलीने तिला उजव्या हाताचं बोट सारखं हलतं ठेवायला सांगितलं होतं. मणी ओवायचा तिला कंटाळा यायचा. एक दिवस तिने पंचशीलाचा टॅब ओढून घेतला आणि नकाशातल्या इमारतींवर बोट ठेवायला सुरुवात केली. बोट ठेवलं की इमारतीचं नाव, गेट आणि लिफ्ट यांची चौकट उघडायची. पण तिचं बोट थरथरायचं आणि शेजारचीच इमारत उघडायची.

"बारीक... केलंस," ती म्हणाली. "मोठं कर."

पंचशीलाने मोठं केलं. मग तिच्या लक्षात आलं, की धावत्या गाडीत रोशनच्या शेजारी बसलेल्या मदतनिसाचंही बोट असंच हलणार आहे. तिने सगळा नकाशा आईच्या बोटाच्या मापाने पुन्हा बसवला. दोघी जणी रोज संध्याकाळी चहा पीत इमारती तपासायच्या. बोलताना अडखळणारी वैजयंता इमारतींची नावं मात्र हळूहळू सलग वाचायला लागली.

नकाशा अँब्युलन्समध्ये लागला आणि फरक दिसू लागला. लाल ठिपके पिवळे झाले, काही पुसले गेले. रोशन आता फोनवर आधीच विचारायचा, "पोळीभाजीवालीच्या बाजूची का?" आणि पलीकडच्या माणसाच्या जिवात जीव यायचा.

अशातच इंद्रलोकचा मोठा रस्ता गटाराच्या कामासाठी खोदला गेला. गाडीला लांबून वळसा पडू लागला. पंचशीला दुसरी वाट शोधायला बसली. उपग्रहाच्या फोटोत खारी गावातल्या जुन्या घरांमधून एक रुंद तपकिरी पट्टा सरळ पलीकडच्या रस्त्याला जाऊन मिळत होता. खुल्या नकाशावर काही दुचाकीस्वारांनी तिथून गेल्याच्या खुणा सोडल्या होत्या. पट्ट्याची रुंदी मोजली तर अँब्युलन्स आरामात जाईल एवढी होती. एरवी एकमेकांशी भांडणारे थर इथे एकमताने तीच गोष्ट सांगत होते, याचाच तिला आनंद झाला. तिने तिथून रेघ ओढली आणि तिला रस्त्याचा रंग दिला. खारी तिच्या घरापासून चालत जाण्याएवढी जवळ होती. पण ती बघायला गेली नाही.

नकाशाची लिंक सगळ्यांसाठी खुली होती. संपदाने कौतुकाने ती ग्रुपवर टाकली आणि खोदकामाला वैतागलेल्या लोकांना नवी वाट सापडली. आधी बाईक आल्या, मग रिक्षा, मग जेवणाचे डबे पोचवणारी मुलं.

एका दुपारी रोशनचा फोन आला. सकाळी गाडीत पेशंट होता, धाप लागलेले एक आजोबा. रोशनला खारीत थांबावं लागलं होतं. पुढे पाण्याचं पत्र्याचं पिंप आणि त्यावर आडवे बांबू टाकून वाट बंद केलेली होती. तो गाडी मागे घेऊन वळशाच्या रस्त्याने गेला होता. आजोबांना ऑक्सिजन लावून झाला, आता बरे आहेत, हे सांगून झाल्यावर तो म्हणाला, "ताई, तिथे एक म्हातारी आहे. ओरडली नाही माझ्यावर. नुसती बघत होती. तुम्ही एकदा जाऊन या."

रविवारी सकाळी पंचशीला टॅब घेऊन खारीत गेली. फोटोतला तपकिरी पट्टा जमिनीवर उभं राहून बघितल्यावर वेगळाच दिसला. शेणाने सारवलेलं स्वच्छ अंगण होतं ते. एका कडेला तुळस, दुसरीकडे फडक्यावर वाळत घातलेला जवळा, बारीक कोळंबी. फडक्याच्या मधोमध टायरचा काळा पट्टा उमटलेला होता. घराच्या पायरीवर एक सत्तरीची बाई बसली होती. तिच्या पोटरीला पट्टी बांधलेली होती.

पंचशीलाने आपलं नाव सांगितलं, आणि तो नकाशा आपणच केलाय हेही सांगितलं. बाईचं नाव विमलाबाई. तिने आधी पंचशीलाला बसायला सांगितलं आणि मग बोलायला लागली. या अंगणात तिच्या सासूने भात झोडलं होतं, तिच्या मुलींचे लग्नाचे मांडव पडले होते. गावातली माणसं इथून जातात, सायकल हातात धरून जातात, त्याला कुणाची ना नव्हती. पण गेल्या महिन्यात अचानक गाड्या सुरू झाल्या. अडवलं तर पोरं फोन दाखवायची आणि म्हणायची, नकाशात रस्ता आहे. एकाची बाईक तिच्या पायाला घासून गेली, तोही थांबला नाही.

"ह्यो रस्ता न्हाय गो," विमलाबाई म्हणाली. "ह्यो माजा आंगन हाय. तुज्या नकाशात मी कुठं हाय, ता दाखव मना."

पंचशीलाने टॅब उघडला. इंद्रलोकच्या इमारती होत्या, त्यांची गेटं होती, लिफ्ट होत्या. खारीच्या जागी नुसता करडा डाग होता आणि त्यातून तिने ओढलेली ती रेघ. कराच्या यादीत सोसायट्या होत्या, या जुन्या घरांना सोसायटीचं नाव नव्हतं. म्हणून ती घरं नकाशात आलीच नव्हती. कुणाचं घर, कुणाची पायरी, काहीच नाही.

"तुम्ही नाही आहात, मावशी," ती म्हणाली. "चूक माझी आहे. मी इथे येऊन बघायला पाहिजे होतं."

तिने विमलाबाईच्या समोरच ती रेघ पुसली. अजून दोन-चार दिवस जुना नकाशा डोक्यात असलेली माणसं येतील, तोवर बांबू राहू द्या, असंही सांगितलं. मग तिने पायाला काय लावलंय ते विचारलं. विमलाबाईने चहा टाकला. चहा पिताना तिने विचारलं, की एवढा खटाटोप कशासाठी केलास. पंचशीलाने आईचं सगळं सांगितलं, सायरन लांब गेला होता तेही. वाट पुन्हा द्या असं ती म्हणाली नाही. ते तिला बरोबरही वाटलं नसतं. विमलाबाई ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, "आयेला जप."

घरी आल्यावर पंचशीलाला त्या सोसायटीचे चेअरमन आठवले. चोराची भीती त्यांना उगीच वाटत असेल, पण त्यांचा प्रश्न बरोबर होता. सगळं सगळ्यांना दाखवायची गरज नव्हती. तिने नकाशाचे दोन भाग केले. लोकांसाठी इमारतींची नावं आणि मोठे रस्ते. गेटं, लिफ्ट आणि आतल्या वाटा फक्त अँब्युलन्सच्या टॅबवर. लोकांच्या नकाशातून एवढी सोय गेली म्हणून ग्रुपवर काही जण कुरकुरले. संपदाने त्यांना उत्तरं दिली. पंचशीला त्यात पडली नाही.

आठवड्याभराने तिला बबनचा फोन आला. बबन विमलाबाईचा पुतण्या, रिक्षा चालवायचा. काकूने बोलावलंय, असं तो म्हणाला.

पंचशीला गेली तेव्हा पिंप जागेवर नव्हतं. बबनने अंगणाच्या दोन्ही टोकांना बांबूची फाटकं बसवली होती, आतून कडी असलेली. विमलाबाईने आपला विचार सांगितला. पेशंटची गाडी आली तर ती फाटक उघडेल. बाकी कुणाला नाही. गाडीवाल्याने आधी फोन करायचा, म्हणजे तिला जवळा उचलायला वेळ मिळेल. आणि दुसरी गोष्ट, खारीतही माणसं आजारी पडतात. त्यांची घरं नकाशात यायला पाहिजेत.

"आमचे घरांना काय नावां न्हाईत असा वाटला काय तुला?" ती म्हणाली. "चल, दाखवतंय."

पुढचे कितीतरी रविवार पंचशीला खारीत होती. कधी विमलाबाई सोबत असायची, कधी बबन. ती घरमालकांना विचारायची, हे नकाशात घालू का, आणि घातलं तर कुठल्या नावाने घालू. विमलाबाईच्या शेजारच्या मंदाकडे तर नवरा-बायकोचंच एकमत होईना. तो आपल्या वडिलांचं नाव सांगत होता, आणि मंदाचं म्हणणं होतं की पोस्टमनपासून गॅसवाल्यापर्यंत सगळे माझ्याच नावाने येतात. शेवटी दोन्ही नावं नकाशात गेली. गावातल्या दुसऱ्या दोन घरमालकांनी नको सांगितलं, त्यांची घरं तिने ठेवली नाहीत. एकदा वैजयंताही आली. काठी टेकत, पंचशीलाचा हात धरून ती विमलाबाईच्या पायरीपर्यंत चालली आणि तिथेच बसून राहिली. दोघी म्हाताऱ्या तासभर काय बोलत होत्या कोण जाणे. एकीचे शब्द अडखळत होते आणि दुसरीचे निम्मे शब्द पहिलीला नवे होते, तरी दोघी हसत होत्या.

अँब्युलन्सच्या टॅबवर खारीतून पुन्हा एक रेघ आली. तिला रस्त्याचा रंग नव्हता. तिच्यावर बोट ठेवलं की चौकट उघडायची: विमलाबाईंचं अंगण. आधी फोन करा. खाली नंबर.

तो नंबर पहिल्यांदा वाजला तेव्हा पंचशीला अंगणातच होती. दुपारचं ऊन होतं. इंद्रलोकच्या संचिता नावाच्या मुलीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्या होत्या, नवरा ऑफिसात, आणि मोठ्या रस्त्यावर पाइप टाकायचं काम चालू होतं. विमलाबाईने फोन ठेवला आणि पदर खोचला. दोघींनी जवळ्याचं फडकं चारी टोकांनी उचललं. मंदा धावत जाऊन पलीकडचं फाटक उघडून उभी राहिली. पोरांना घरात घेतलं गेलं, खाट भिंतीला लावली गेली. गाडी आली तेव्हा अंगण मोकळं होतं. रोशनने सायरन बंद केला होता. तो सावकाश, तुळशीला वळसा घालून गेला. खिडकीतून संचिताची सासू हात जोडताना दिसली आणि गाडी पलीकडे रस्त्याला लागली.

मग कुणालाच घरात जाववेना. सगळ्या अंगणातच उभ्या राहिल्या. विमलाबाईने फडकं पुन्हा पसरलं खरं, पण जवळा पसरता पसरता तिचं लक्ष फोनकडेच होतं. संध्याकाळ होता होता रोशनने कळवलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. विमलाबाईने आधी मंदाला सांगितलं, मग शेजारच्या तिघींना, आणि मग फोन करून वैजयंतालाही.

महिन्याभराने संचिताने सगळ्यांना घरी बोलावलं. विमलाबाई जायला तयार नव्हती. या इमारती उठल्या तेव्हापासून ती त्यांच्या शेजारी राहत होती, पण आत कधी गेली नव्हती. कुणी बोलावलंच नव्हतं, असं ती म्हणाली, तक्रार म्हणून नाही, जसं होतं तसं. पंचशीला तिला घेऊन गेली. लिफ्टमध्ये तिने पंचशीलाचा दंड घट्ट धरून ठेवला.

सातव्या मजल्यावर तिने बाळाला मांडीवर घेतलं, टाळूवर हात फिरवला, हातात दहाची नोट कोंबली आणि बाळाचे केस कुणासारखे आहेत यावर सासूशी बराच वेळ बोलली. मग संचिताने तिला खिडकीपाशी नेलं. खाली खारी दिसत होती. कौलं, पत्रे, मधूनमधून झाडं. विमलाबाईला आधी काही उमगेना. मग तिला आपली तुळस सापडली.

"ता माजा," ती म्हणाली. "त्याचे बाजूला मंदाचा. तो निला पत्रा हाय ना, ता बबनचा."

संचिता बाळाला खांद्यावर घेऊन ऐकत होती. तिने विचारलं, त्या मोठ्या झाडामागचं घर कुणाचं. विमलाबाईने ते सांगितलं, आणि त्या घरातली धाकटी सूनही गेल्याच महिन्यात बाळंत झाली, हेही सांगितलं. तिचा मुलगा, तुझी मुलगी. बाळाला घेऊन ये की खाली, अंगणात सकाळचं कोवळं ऊन येतं, तेल लावून द्यायला मी आहे.

"येते," संचिता म्हणाली. "उद्याच येते. कुठून यायचं, मावशी?"

विमलाबाईने खिडकीतून हात बाहेर काढला आणि तिला वाट दाखवायला लागली.